वखराची पास का तुटली? मटेरियल सायन्सच्या वर्गातलं एक प्रकरण

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. सोयाबीन निघालं होतं आणि हरभऱ्यासाठी वावरं वखरायची घाई चालली होती. आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावाबाहेर आहे. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला मी मटेरियल सायन्स शिकवते. त्या सोमवारी एक विद्यार्थी उशिरा वर्गात आला. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "मॅडम, घरची पास तुटली," म्हणाला आणि लोखंडाचे दोन तुकडे त्याने टेबलावर ठेवले.

ज्यांनी वखर जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पास म्हणजे वखराचं खालचं आडवं पातं. जमिनीत दोन-तीन बोटं खोल राहून ते पुढे सरकतं, तण कापतं, माती मोकळी करतं. ही पास दीड फूट लांब, तीन-चार बोटं रुंद होती आणि दोन्ही टोकांना बोल्टची भोकं होती. गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या कमान-पाट्यापासून, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पट्टीपासून, ती घडवली होती. पहिल्याच दिवशी, वावराच्या मुरमाड टोकाला, ती एका दगडावर अडली आणि उजव्या भोकापाशी कट्कन तुटली. जरासुद्धा वाकली नाही.

मुलाच्या वडिलांचं मत पक्कं होतं: लोहाराने भंगार माल घातला. मुलाला माझ्याकडून एवढंच हवं होतं की माल खराब होता की नाही ते सांगा. तुकडे हातात घेऊन मी सांगूही शकले असते. पण त्या आठवड्यात आमचं कठीणपणाच्या चाचणीचं प्रॅक्टिकल होतं आणि दरवर्षीप्रमाणे कपाटातले तेच चार गुळगुळीत नमुने बाहेर निघणार होते. त्या नमुन्यांची उत्तरं मुलांना आधीच माहीत असतात, कारण मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये ती लिहिलेली असतात. या तुकड्यांचं उत्तर कुठल्याच जर्नलमध्ये नव्हतं.

शब्दांपासूनच सुरुवात

वर्गाला विचारलं, ही का तुटली असेल? पहिलं उत्तर आलं, "कडक नव्हती." दुसऱ्या बाकावरून, "नाही, जास्तच कडक होती." दोघंही एकच शब्द वापरत होते आणि उलट गोष्टी सांगत होते.

हा गोंधळ मला दरवर्षी दिसतो. मुलं हार्डनेस, टफनेस, स्टिफनेस, ब्रिटलनेस यांच्या व्याख्या इंग्रजीत पाठ करतात आणि मनात मात्र चौघांसाठी एकच "कडक" धरून बसतात. मराठीत तर यांना वेगवेगळे शब्द आहेत आणि ते पुस्तकी नाहीत, घरातले आहेत. ओरखडा पडू देत नाही ते टणक. घाव सोसतं, तुटायच्या आधी भरपूर ऊर्जा पचवतं ते चिवट. भार दिला तरी कमी वाकतं ते ताठ. वाकायच्या आधीच तुटतं ते ठिसूळ. कच्ची कैरी टणक असते, ओली बाभळीची फांदी चिवट असते, खापर टणक असूनही ठिसूळ असतं. फळ्यावर हे चार शब्द लिहिले आणि ठरवलं की हे प्रकरण संपेपर्यंत "कडक" म्हणायचं नाही.

ताठपणाचा प्रश्न मी तिथेच निकालात काढला, कारण तो डोक्यात राहिला की पुढचं सगळं बिघडतं. वर्कशॉपमध्ये 25 मिलिमीटर रुंद आणि 6 मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्या केल्या: एक साध्या माइल्ड स्टीलची, दुसरी कमान-पाट्याची, पाणी देऊन (लाल तापवून झटकन थंड करून) उतरवलेली (पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी केलेली). 400 मिलिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर त्या ठेवल्या, मधोमध 5 किलोचं वजन टांगलं आणि खाली डायल गेज लावला. दोन्हींचा झोल पाऊण मिलिमीटरच्या आसपास, जवळपास सारखा. मुलांना पटेना. वजनं बदलून तीनदा केलं. पोलादाचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, सुमारे 200 गिगापास्कल असतो आणि पाणी दिल्याने किंवा कार्बन वाढल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. हे वाक्य त्यांनी परीक्षेत लिहिलेलं होतं. पण त्याचा अर्थ, टणक केलेली पास मऊ पासेइतकीच वाकते, हा त्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. फरक पडला तो वजन 60 किलोच्या पुढे नेल्यावर: साधी पट्टी वाकली ती तशीच राहिली, पाट्याची पट्टी वजन काढताच सरळ झाली.

38 चा आकडा

मग तुटलेल्या तुकड्याचा कठीणपणा, म्हणजे तो किती टणक आहे त्याचं माप. आमच्याकडे रॉकवेलचं यंत्र आहे. सी स्केलवर 120 अंशांचा हिऱ्याचा शंकू 150 किलो भाराने टेकवायचा. तो किती खोल जातो त्यावरून आकडा येतो: जितका कमी खोल, तितका आकडा मोठा. मुलांनी पासेचा पृष्ठभाग कापडाने पुसला, वरची पापडी जरा खरडली आणि तीन ठिकाणी माप घेतलं. 37, 38, 38.

लगेच निष्कर्ष निघाला: पास मऊ होती, लोहाराने पाणी नीट दिलं नाही. एका गटाने तर जर्नलमध्ये लिहूनही टाकलं. मीसुद्धा तो निष्कर्ष त्या दिवशी अडवला नाही. हे इथे स्पष्ट लिहायला हवं, कारण मऊ पातं कट्कन तुटत नाही, वाकतं, ही विसंगती तेव्हाच मला टोचायला हवी होती. प्रॅक्टिकलची वेळ संपत आली होती आणि तीन आकडे एकमेकांशी जुळत होते. जुळणारे आकडे पाहिले की मन निवांत होतं.

अडवलं ते आमच्या लॅब असिस्टंटनी. सूक्ष्मदर्शकाच्या नमुन्यासाठी ते तुकड्याचा कोपरा हॅकसॉने कापत होते. म्हणाले, "मॅडम, हे पातं आधी थोडं आत गेलं, अन् आता नुसतं घसरून राह्यलं. पोट्टे म्हणते मऊ हाय. मऊ असतं तं कापलं नसतं का?"

आधी थोडं आत गेलं, मग घसरलं. या एका वाक्यात उत्तर होतं.

पोलाद भट्टीत बराच वेळ लालभडक राहिलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागातला कार्बन खाऊन टाकतो. वर कार्बन गेलेली एक मऊ साल तयार होते, तिला डीकार्बरायझेशन म्हणतात. सिलिकॉन असलेल्या पोलादांना हा त्रास जास्त होतो आणि ट्रकचे कमान-पाटे बहुधा अशाच पोलादाचे असतात. मुलांनी सालीचा कठीणपणा मोजला होता, पासेचा नाही.

पाणी सोडत चालणाऱ्या कटरने तुकडा कापला, म्हणजे कापतानाच्या उष्णतेने पोलादाला दिलेलं पाणी उतरू नये. वरची अर्धा मिलिमीटर साल घासून काढली. पुन्हा मापं घेतली: 59, 60, 60.

इथे मी एक छोटं गणित करायला लावलं. रॉकवेलचा एक अंक म्हणजे 0.002 मिलिमीटर खोली. 60 ला शंकू 0.08 मिलिमीटर आत जातो, 38 ला 0.124. खुणेच्या खाली तिच्या खोलीच्या निदान दहापट एकसारखा धातू हवा, हा नियम पुस्तकात एका ओळीत असतो. आमची मऊ साल सूक्ष्मदर्शकाखाली 0.3 ते 0.4 मिलिमीटर भरली. म्हणजे शंकू सालीच्या आतच अडकला होता. 2 टक्के नायटालने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणाने) एच केलेल्या नमुन्यात काठाला फेराइटची, म्हणजे मऊ लोखंडाची, पांढरी पट्टी आणि आत मार्टेन्साइटच्या, म्हणजे पाणी दिलेल्या टणक पोलादाच्या, गर्द सुया, हे दृश्य पाहायला मुलांची रांग लागली. पाठ्यपुस्तकातला फोटो त्यांना आठवत होता. आता त्या फोटोतली जागा त्यांच्या मित्राच्या वावरातली होती.

रासायनिक तपासणी आमच्याकडे होत नाही. एक तुकडा नागपूरला एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत पाठवला. कार्बन 0.57 टक्के, सिलिकॉन 1.7, मँगेनीज 0.85. ईएन 45 नावाने बाजारात ओळखलं जाणारं स्प्रिंगचं पोलाद याच मर्यादांत बसतं. माल भंगारातून आलेला होता, पण भंगार नव्हता. वडिलांचा आरोप इथे संपला.

भेगेचा रंग

आता तुटलेल्या तोंडाकडे पुन्हा पाहिलं. खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी होती. तुटलेलं तोंड सगळ्यांत आधी पाहावं, पुसण्याआधी, कापण्याआधी, मापण्याआधी. आता मी हा क्रम बदलू देत नाही.

नशिबाने आम्ही ते तोंड खराब केलं नव्हतं. भिंगातून पाहिलं तर बहुतेक भाग करडा, चमचमता, साखरेच्या खड्यासारखा दाणेदार. पण बोल्टच्या भोकाच्या काठाला लागून चार मिलिमीटरचा अर्धचंद्र तांबूस होता. गंज. बाकीचं तोंड दोन दिवसांपूर्वी उघडं पडलं होतं आणि अजून चमकत होतं. मग त्या अर्धचंद्रातच गंज कुठून? एक मुलगी म्हणाली, "ती जागा आधीच उघडी होती." बरोबर. पास वावरात जायच्या आधी आठ दिवस घरी पडून होती आणि ती भेग तेव्हापासून तिच्यात होती. दगडाने फक्त शेवटचं काम केलं.

ही भेग पाणी देतानाच पडलेली. पोलाद तापून ऑस्टेनाइट झालेलं असतं, ही त्याची तापलेली रचना. ते झटकन थंड केलं की मार्टेन्साइट होतं आणि होताना फुगतं, साधारण 4 टक्क्यांपर्यंत. बाहेरची बाजू आधी थंड होऊन टणक बसते. मग आतला भाग फुगतो आणि बाहेरच्याला ताणतो. तेलात ही क्रिया सौम्य होते, पाण्यात कडाडून होते. या जातीच्या पोलादाला तेल सांगितलं आहे ते त्यासाठीच. त्यात भोक. रुंद पट्टीतल्या गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे किर्शने 1898 मध्ये गणिताने दाखवलं. आमचं भोक तर गोलही नव्हतं. गरम असताना पंचाने पाडलेलं, काठ फाटलेला. शिवाय दोन्ही टोकांना घट्ट बसवलेल्या पट्टीत वाकवणारा जोर टोकांशीच जास्त असतो. सगळ्या वाईट गोष्टी एका जागी जमल्या होत्या.

लोहाराच्या भात्यापाशी

शनिवारी आम्ही सहा जण गावात गेलो. लोहारकाका साठीचे. हातभाता जाऊन आता विजेचा छोटा पंखा आला आहे, पण ऐरण त्यांच्या आजोबांची. मुलाने त्यांना आधीच सांगितलं होतं की माल चांगला निघाला, त्यामुळे त्यांनी चहा सांगितला. नाहीतर बोलणं कठीण होतं.

"भंगार कायचं, मॅडम? ट्रकचा पाटा हाय तो. यापरीस चांगलं लोखंड मले या गावात भेटत नाई."

"मग काका, यंदा तुटली का?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "याच्या बापानं म्हटलं, मागची पास एका हंगामात घासून गेली, अवंदा कडक करून दे. म्हणून मी सगळीच्या सगळी पाण्यात टाकली."

"आणि एरवी?"

"एरवी धारेले पाणी द्याचं, पाठीले नाई. धार टणक, पाठ चिवट. मंग पाठीची गरमी धारेकडे येते, तिचा रंग पाहाचा. आधी गव्हाळ, मंग तपकिरी, मंग जांभळा, मंग मोरपंखी. कुऱ्हाडीले एक रंग, विळ्याले एक. रंग आला का बुडवून टाकाचं." थोडं थांबून म्हणाले, "पण गर्दी होती. रंग पाहाले सवड नव्हती."

मुलं लिहून घेत होती. त्यांच्या पाठ्यपुस्तकात टेंपरिंगचा तक्ता आहे: फिकट गव्हाळ सुमारे 220 ते 230 अंश, तपकिरी 250, जांभळा 275, निळा 300 च्या आसपास. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर वाढत जातो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो. तोच तक्ता एका माणसाच्या तोंडून, त्याच क्रमाने येत होता. चिवट आणि टणक हे दोन शब्दही त्यांनी आपणहून वेगळे वापरले. आमच्या वर्गाला ते फळ्यावर लिहून द्यावे लागले होते.

मला इथे नैकुंडची आठवण झाली आणि मी ती मुलांना सांगितली. नागपूर जिल्ह्यातल्या या गावी महापाषाण काळातली, लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे. त्याच जिल्ह्यातल्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी हत्यारं मिळाली. विदर्भात लोखंड तापवून घडवण्याचं काम अडीच हजार वर्षांहून जुनं आहे आणि आमच्या अभ्यासक्रमात त्याचा एक शब्दही नाही. मुलांना इंग्लंडमधलं पोलादाचं शहर शेफिल्ड माहीत असतं. त्यांना नैकुंडही माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकातला उपाय आणि त्याचं काय झालं

वर्गाने उपाय सुचवला तो हँडबुकातला: साधारण 870 अंशांवर तापवून तेलात थंड करायचं आणि मग 450 ला तासभर ठेवून पाणी उतरवायचं. कॉलेजच्या मफल भट्टीत दुसरी एक पास तशी केली. कठीणपणा 46 ते 47. चार्पीसाठी, म्हणजे घाव घालून चिवटपणा मोजायच्या चाचणीसाठी, 10 बाय 10 चा नमुना त्या जाडीत बसत नव्हता म्हणून 10 बाय 5 चे केले. नुसतं पाणी दिलेल्या नमुन्याला काटा 2-3 जूलवर हलला, उतरवलेल्याला 9-10. आमचं यंत्र 300 जूलचं आहे. त्यावर 3 जूल वाचणं म्हणजे धान्याच्या वजनकाट्यावर सोनं तोलणं. त्यामुळे त्या आकड्यांवर मी फार भार टाकत नाही. पण तिपटीचा फरक काट्याच्या चुकीत बसत नाही.

ती दुसरी पास न तुटता हंगामभर चालली. पण विद्यार्थ्याचे वडील खूश नव्हते. "तुटली नाई, पण घासली ना," म्हणाले. त्यांची मूळ तक्रार हीच होती, ती ऐकून लोहाराने सगळी पास पाण्यात टाकली होती आणि आम्ही तुटण्याच्या नादात ती विसरलो होतो. मुरमात क्वार्ट्झचे कण असतात. त्यांचा कठीणपणा विकर्स मापात हजाराच्या वर असतो. 47 रॉकवेल म्हणजे सुमारे 470 विकर्स, 55 म्हणजे 600 च्या जवळ, 60 म्हणजे 700. कण कसंही पोलाद कापणारच. प्रश्न किती लवकर, एवढाच. काळ्या मातीत हा त्रास कमी असतो, ती चिकट असते पण ओरखडत नाही. स्प्रिंगसाठी ठरवलेलं तापमान आम्ही पासेला लावलं होतं. स्प्रिंगला घासायचं नसतं.

मग लोहारकाकांची जुनी रीत करून पाहायचं ठरलं, मोजमापासकट. त्यांनी पास घडवली, आम्ही मध्ये बोललो नाही. फक्त दोन गोष्टी मागितल्या: भोकाचा काठ कानशीने गोल करा, आणि तापवताना चुंबक लावून पाहा. 770 अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला सोडतं. सुटल्यावर थोडंच पुढे न्यायचं, म्हणजे उगाच फार वेळ भट्टीत राहून साल मऊ होत नाही. चुंबक सुटताना पाहून काका हसले आणि दोनदा पुन्हा लावून पाहिला. धार बुडवली, बाहेर काढली, विटेने घासून चकचकीत केली. रंग पाठीकडून सरकत आला. तपकिरी जांभळ्याला टेकला तसं त्यांनी पातं बुडवलं. बरोबर किती सेकंद, ते आमच्यातला एकही जण सांगू शकला नाही. सगळे पाहण्यात गुंगले होते.

त्याच पाट्याच्या, त्याच पद्धतीने केलेल्या जोडतुकड्यावर धारेपासून पाठीपर्यंत मापं घेतली, या वेळी साल काढून. धारेला 54 ते 55. मधे 45 च्या आसपास. पाठीला 30, आणि भोकं पाठीतच. एका पात्यात दोन गुणधर्म, जिथे जो हवा तिथे तो.

या मापांनंतर दोन्ही पासा एकाच वावरात चालवायचं वडिलांनीच सुचवलं, कारण वेगवेगळ्या हंगामातल्या झिजेची तुलना करण्यात अर्थ नाही, ओल बदलली की सगळं बदलतं. मे महिन्यात, मृगाच्या आधीच्या वखरणीला, 450 ला उतरवलेली एक नवी पास आणि काकांची पास शेजारशेजारच्या वखरांना लावली, दोन बैलजोड्या, तेच मुरमाड वावर. रोज संध्याकाळी मुलगा व्हर्नियरने पाच ठिकाणी रुंदी मोजून मला फोनवर आकडे पाठवत होता. वखरणी संपली तेव्हा भट्टीतल्या पासेची रुंदी सरासरी 6 मिलिमीटरने कमी झाली होती, काकांच्या पासेची 4 मिलिमीटरने. दोन्ही शाबूत. एक जोडी म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे, म्हणून यंदा आणखी तीन जोड्या तीन वावरांत लावल्या आहेत, त्यांतलं एक वावर काळ्या मातीचं आहे. काकांनी पाट्याचे सहा तुकडे कापून, खडूने आकडे घालून, भट्टीशेजारी ठेवले आहेत.